चार घरांची ओळ आणि एक जादा नियम : लहान सुडोकूंचे अनुभव

सुडोकू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नऊ बाय नऊची चौकट येते. हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले हे कोडे १९७९ साली अमेरिकेत ‘नंबर प्लेस’ या नावाने छापले गेले, १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ते आपल्या वाचकांपुढे ठेवले, आणि पुढे तेच रूप जगभर रुळले. येथे मात्र चार बाय चार आणि सहा बाय सहा अशा लहान चौकटींविषयी लिहावे, असे मला वाटते. त्यांत नेहमीच्या अटींच्या (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत आणि चौकटीतल्या प्रत्येक लहान चौकोनात प्रत्येक आकडा एकदाच) जोडीला एखादा वेगळाच नियम असतो : कर्णावर आकडा पुन्हा येऊ नये, पिंजऱ्यातली, म्हणजे रेषेने वेढलेल्या घरांची, बेरीज अमुक यावी, शेजारच्या घरांत ठरावीक फरक असावा. अशी कोडी सोडवताना आपल्याला काय सापडले, कुठे अडलात आणि कोणत्या क्षणी उलगडा झाला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. नुसते ‘आवडते’ एवढे लिहू नये. एखादी तरी चाल दाखवावी.

सुरुवात मी करतो; पुढे प्रत्येक ताऱ्यानंतर वेगवेगळ्या वाचकांचे अनुभव आहेत. साध्या चार बाय चार सुडोकूच्या पूर्ण भरलेल्या चौकटी फक्त २८८ आहेत, त्यामुळे हा प्रकार लहान मुलांसाठीच असावा अशी माझी समजूत होती. ती एका कर्णाच्या कोड्याने मोडली. दोन्ही कर्णांवर १ ते ४ हे आकडे एकदाच यायला हवेत, एवढाच जादा नियम होता. मी घरे मोजत बसलो असताना लक्षात आले की मधली चार घरे घेतली तर त्यांतली कोणतीही दोन एक तर एका ओळीत आहेत किंवा एका कर्णावर. म्हणजे मधल्या चार घरांत चारही आकडे वेगळे असलेच पाहिजेत, आणि याच न्यायाने चार कोपऱ्यांतही. नियमात ‘मधला चौकोन’ हा शब्द कुठेही नव्हता, तरी तो चौकोन तिथे होता. पुढे कागद घेऊन तपासले, तेव्हा डावीकडचा वरचा दोन बाय दोनचा चौकोन एकदा भरला की उरलेली चौकट फक्त दोनच तऱ्हांनी पुरी होते असे दिसले. पहिला चौकोन २४ प्रकारे भरता येतो, म्हणून एकूण चौकटी ४८. एका नियमाने २८८ वरून ४८ वर आणले, आणि हे सगळे मला पाठकोऱ्या कागदावर स्वतः पडताळता आले, याचा आनंद अजून टिकून आहे.

*

मी मूळचा बुद्धिबळाचा खेळाडू. २०२० साली दोनच आकडे दिलेला नऊ बाय नऊचा एक सुडोकू बराच गाजला होता. त्यात घोड्याच्या किंवा राजाच्या एका चालीवर असलेल्या घरांत तोच आकडा चालत नसे आणि आडव्या-उभ्या शेजारच्या घरांत लागोपाठचे आकडे येत नसत. केवळ १ आणि २ हे दोन आकडे हाती घेऊन पूर्ण चौकट सुटते हे पाहून मी थक्क झालो, पण ते का सुटते हे मला आतून कळले नव्हते. ते कळले चार बाय चारच्या चौकटीत, फक्त घोड्याचा नियम घेतल्यावर.

वाचकांनी कागद घ्यावा. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात १ लिहावा. त्या घरावरून घोड्याची अडीच घरांची उडी दोनच ठिकाणी पडते : दुसऱ्या ओळीतले तिसरे घर आणि तिसऱ्या ओळीतले दुसरे घर. आता उजवीकडच्या वरच्या चौकोनात १ कुठे येईल? पहिली ओळ बंद आहे, म्हणून दुसऱ्या ओळीत. तिथले तिसरे घर घोड्याने अडवले आहे, म्हणून चौथ्यात. खालच्या डाव्या चौकोनात तसाच विचार केला की १ चौथ्या ओळीच्या दुसऱ्या घरात बसतो, आणि शेवटच्या चौकोनात त्याच्यासाठी तिसऱ्या ओळीचे तिसरे घर तेवढे उरते. एक आकडा ठेवला आणि त्याची चारही घरे ठरली.

मी हाच प्रयोग पहिल्या चौकोनाच्या उरलेल्या तीन घरांवरून केला आणि दर वेळी तेच घडले. सोळा घरे जणू आधीपासूनच चार-चारांच्या चार टोळ्यांत वाटलेली असतात. कोणत्या टोळीला कोणता आकडा द्यायचा, इतकेच आपल्या हाती राहते. त्यामुळे तीन वेगळे आकडे चौकटीत कुठेही दिलेले असले, तरी कोडे पुरे होते. साध्या चार बाय चार सुडोकूला एकच उत्तर यायचे असेल तर किमान चार आकडे द्यावे लागतात. इथे एक आकडा कमी लागतो, कारण त्याची जागा नियमाने घेतलेली असते. त्या गाजलेल्या मोठ्या कोड्यात दोन आकडे कसे पुरले असतील, याचा अंदाज मला या सोळा घरांतून आला. पटावर घोडा हल्ला करतो, इथे तो घरे वाटून देतो. हा फरक समजायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी दुसरे कोणतेही कोडे हातात घेतले नाही.

*

आयुष्यभर हिशेब जुळवण्याचे काम केल्यामुळे पिंजऱ्यांचा, म्हणजे किलर सुडोकू मला पहिल्या दिवसापासून जवळचा वाटला. सहा बाय सहामध्ये प्रत्येक ओळीची बेरीज २१ येते. एवढे एक सूत्र घट्ट धरून बसावे. एका कोड्यात पहिल्या आडव्या ओळीवर तीन पिंजरे होते : पहिल्या दोन घरांचा ३, पुढच्या दोन घरांचा ११, आणि शेवटच्या दोन घरांचा त्यांच्याखालच्या एका घरासह १२. तिन्हींची बेरीज २६, ओळीची २१, म्हणून खाली लोंबणाऱ्या त्या घरात ५. खरी गंमत त्यानंतर आहे. ११ चा पिंजरा म्हणजे ५ आणि ६. पण चौकोन दोन ओळी आणि तीन घरांचा असल्याने ओळीतले चौथे घर आणि ते लोंबणारे घर एकाच चौकोनात येतात. म्हणून चौथ्या घरात ५ चालत नाही, तिथे ६ आणि तिसऱ्या घरात ५. चौकटीत एकही आकडा दिलेला नसताना तीन आकडे खात्रीने लिहिता आले. शिल्लक जुळल्याचे समाधान मला कामात पुष्कळ मिळाले आहे, आणि हे समाधान त्याच जातीचे आहे.

*

टिंबांच्या सुडोकूविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन शेजारच्या घरांमध्ये पांढरे टिंब असेल तर त्यांतले आकडे लागोपाठचे. काळे असेल तर एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. १ आणि २ या जोडीला दोन्ही टिंबे लागू पडतात, त्यामुळे तिथे कोणतेही एक असू शकते. ‘शक्य ती सर्व टिंबे दाखवलेली आहेत’ असे वाक्य कोड्याखाली असेल, तर जिथे टिंब नाही तिथे यांपैकी कोणतेच नाते नाही, असाही अर्थ निघतो. मी कित्येक महिने हे वाक्य वाचून सोडून देत असे आणि फक्त टिंबांकडे पाहत असे.

एकदा चार बाय चारच्या कोड्यात सर्व टिंबे वापरून झाली, तरी अर्धी चौकट रिकामीच होती. तेव्हा मी कागदाच्या कडेला सगळ्या जोड्या मांडल्या. १-२ ला टिंब, २-३ ला पांढरे, ३-४ ला पांढरे, २-४ ला काळे. उरल्या दोनच जोड्या : १-३ आणि १-४. दोन्हींत १ आहे! म्हणजे ज्या दोन घरांमध्ये टिंब नाही, त्यांतल्या एकात १ असलाच पाहिजे, आणि दुसऱ्यात २ कधीच असणार नाही. मी टिंबे सोडून कोऱ्या रेषा पाहू लागले. एका घराच्या तीन बाजूंना कोऱ्या रेषा होत्या. त्या घरात १ नसता तर तिन्ही शेजाऱ्यांत १ असायला हवा होता, आणि त्यांतले दोन तर एकाच ओळीत होते. म्हणून १ त्याच घरात. पुढची चौकट दोन मिनिटांत भरली. इतके दिवस जे पाहायचे राहून गेले होते, तेच त्या कोड्याचे हृदय होते.

*

वरील अनुभवाला जोडून एक तक्रार नोंदवतो. माझ्याकडच्या एका कोडेसंग्रहात टिंबांची कोडी आहेत. पण सर्व टिंबे दाखवली आहेत की त्यांतली काही मोजकीच, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. एका कोड्याची मी दोन वेगवेगळी उत्तरे काढली, दोन्ही पुन्हा पुन्हा तपासली आणि दोन्ही बरोबर निघाली. सर्व टिंबे दाखवली आहेत असे धरल्यास मात्र एकच उत्तर टिकत होते. एका वाक्याअभावी सोडवणाऱ्याची संध्याकाळ वाया जाते. नियमांचा मजकूर हा कोड्याचाच भाग आहे आणि तो आकड्यांइतक्याच काटेकोरपणे छापला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

*

मी सोडवण्यापेक्षा रचण्यात अधिक रमते. शेजारच्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत, हा नियम घेऊन चार बाय चारचे कोडे रचावे असे मनात आले आणि दोन संध्याकाळी मी आकडे मांडत आणि पुसत राहिले. चौकट पुरी होईना. आपलीच कुठेतरी चूक होत असावी असे धरून चालले होते. शेवटी एकच आडवी ओळ वेगळी काढली आणि तीत चार आकडे किती प्रकारे बसतात ते पाहिले. २ आणि ३ यांना प्रत्येकी दोन आकडे शेजारी चालत नाहीत, त्यामुळे ते मध्ये बसूच शकत नाहीत, टोकांनाच जातात. ओळी दोनच निघाल्या : २-४-१-३ आणि ३-१-४-२. म्हणजे चारही ओळींचे पहिले घर २ किंवा ३ नेच भरावे लागणार, आणि उभ्या ओळीत तर चार वेगळे आकडे हवेत. असे कोडे अस्तित्वातच नाही.

हे कळल्यावर मला निराशा वाटली नाही. दोन दिवस जे ‘जमत नाही’ होते, ते ‘जमणे शक्य नाही’ झाले आणि त्याचे कारण मला चार ओळींत सांगता येत होते. नंतर मी सहा बाय सहाकडे वळले. रचणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की नवा नियम घेतला की आधी एकच ओळ भरून पाहावी.

*

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. थर्मामीटरच्या सुडोकूत घरांवर थर्मामीटर काढलेले असतात आणि फुग्यापासून टोकापर्यंत आकडे चढत जातात. सहा घरांच्या एका ओळीत तीन-तीन घरांचे दोन थर्मामीटर होते. मी शक्यता लिहीत असताना तो म्हणाला, “एक फुग्यातच राहणार ना? त्याच्या खाली कोण आहे?” तसाच ६ टोकालाच. मी शक्यता खोडून तिथवर पोहोचलो असतो. त्याने थेट पाहिले.

*

माझे बाबा आणि मी वेगवेगळ्या गावी राहतो. त्यांची दृष्टी आता बारीक छापील मजकुराला पुरत नाही, म्हणून रोज रात्री फोनवर आम्ही एक लहान कोडे मिळून सोडवतो. छत्तीस घरे तोंडी सांगता येतात आणि एकाग्रतेने मनातही धरता येतात. मी ओळ आणि घर सांगते, ते जाड पेनाने मोठ्या कागदावर मांडतात.

गेल्या महिन्यातल्या एका कोड्यात चौकटीवर एक रेघ होती आणि रेघेवरच्या शेजारी घरांत किमान ३ चा फरक हवा होता. मी लगेच जोड्या सांगू लागले. त्यांनी मला थांबवले.

“अगं, नियम पुन्हा एकदा वाच.”

मी वाचला. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिनाला सहाशिवाय कोणी चालत नाही. आणि चाराला एकाशिवाय. रेघ सरळ आहे की वळते?”

“पाचही घरे एकाच आडव्या ओळीत आहेत, सरळ.”

“मग तीन मध्ये नाही बसणार. दोन्हीकडे सहा कसे येतील एका ओळीत? चारचेही तसेच. ते दोघे टोकाला तरी असतील, नाहीतर रेघेबाहेर.”

सहा आकड्यांपैकी पाच रेघेवर होते, म्हणजे बाहेर एकच राहणार होता. निदान एक टोक तरी ३ किंवा ४ चे, हे मी मोठ्याने म्हणेपर्यंत त्यांनी पुढचे सांगितले : रेघेवर लहान आणि मोठे आकडे आलटून-पालटून येतात, त्यामुळे दोन्ही टोके एक तर लहान किंवा दोन्ही मोठी. ३ लहान, ४ मोठा. दोघे एकदम टोकांना बसू शकत नाहीत. म्हणजे एक टोकाला आणि दुसरा रेघेबाहेर. रेघेबाहेरचे एकमेव घर ओळीच्या सुरुवातीला होते आणि त्याच उभ्या ओळीत खाली ४ दिलेला होता.

“तीन,” बाबा म्हणाले, आणि फोनवरून पेनाचा आवाज आला. “आता चार कोणत्या टोकाला, ते तू सांग.”