विषय: वाड्यातला घड २८ ला पानात यायला हवा – कापू की थांबू?

प्रेषक: बापू, सध्या मुक्काम फैजपूर · ९ डिसेंबर

मंडळी,
विहिरीजवळच्या केळीबद्दल. कमळ (केळफूल) २९ ऑगस्टला दिसलं, आज १०२ दिवस झाले. नऊ फण्या आहेत. वरच्या गोलसर झाल्या, खालच्या दोन अजून धारदार. टोकाची वाळकी फुलं नुसता हात लावला तरी गळतात. खालची चार पानं वाळली. शेजारी म्हणतात उतरवून घ्या, पहाटे पारा १० वर येतोय, आता काही भरत नाही.

२८ ला जेवायला साठ पानं आहेत, शिवाय सकाळी सत्यनारायण. या वेळी केळी बाजारातून आणायची नाहीत हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय, माझ्या एकट्याचा हट्ट नाही. घड झेलायला माणूस सांगून ठेवलाय. संध्याकाळपर्यंत कळवा.

---

प्रेषक: आबा, मस्कत · ९ डिसेंबर

बापू, माणसाला आज नको म्हणून सांग.

दिवस कमळ दिसल्यापासून मोजायचे नाहीत. पहिली फणी उघडल्यापासून शेवटची उघडेपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात, म्हणजे शेवटच्या फणीच्या हिशेबाने तुझे ९० च झाले. ग्रँड नैन जातीला निसवणीनंतर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, उन्हाच्या दिवसांत ९०-१०० पुरतात. बाग थंडीत सापडली की १२० वर जातात. पारा १६ च्या खाली गेला की झाड सुस्तावतं. दिवस भरतात, गर भरत नाही.

वाळक्या फुलांवर जाऊ नकोस. पाऊण भरलेल्या केळ्याचंही फूल गळतं. वाऱ्यानेही गळतं.

शिंप्याची टेप घे. दांड्याकडून दुसरी फणी, तिची बाहेरची ओळ, त्यातलं मधलं केळं. बरोबर मध्यावर घेर मोज. टेप कड्यांवर ताणू नकोस, नुसती टेकव. १२.५ सेंटिमीटर म्हणजे जाडी साधारण ४० मिलिमीटर. निर्यातवाले कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) ३९ ते ४६ मिलिमीटर बघतात. घरी खायचं आहे, १३ च्या आसपास येऊ दे.

आणि पानं कशाने वाळली ते सांग. हिरवी किती आहेत?

---

प्रेषक: बापू · ९ डिसेंबर, रात्री

घेर १२.१. हिरवी पानं सात. वाळलेल्या पानांवर लांबट तपकिरी ठिपके, कडेने पिवळं. माणसाला नको म्हटलं, तो जरा नाराज झाला.

---

प्रेषक: भाऊसाहेब, मेलबर्न · १० डिसेंबर

रावेर-यावलवाल्यांनी टेप काढली की विषय संपला, असं या लिस्टवर नेहमीच होतं. शहाद्याकडेही केळी पिकते हो, पपईच्या बांधाला लागून.

घेराचा आकडा पाण्यावर आणि जातीवर हलतो. युरोपच्या नियमात किमान जाडी २७ मिलिमीटर आणि लांबी १४ सेंटिमीटर आहे, मग ती केळी कच्ची म्हणायची का? ३९-४६ हे बोटीत पडून राहणाऱ्या मालासाठी आणि खरेदीदाराच्या पसंतीसाठी. परसातल्या घडाला एकच परीक्षा पुरते: मधल्या फणीतलं एक केळं काढा, स्टीलच्या सुरीने मध्यावर आडवं कापा. गर पांढराफेक आणि सालीला घट्ट चिकटलेला असेल तर थांबा. मधोमध सायीसारखी पिवळसर झाक आली आणि सालीची कड पातळ झाली की पिकवल्यावर गोडी येते. एक केळं गेलं तर काही बिघडत नाही.

---

प्रेषक: आबा · १० डिसेंबर

२७ हा विकण्याचा किमान आकडा आहे, काढणीचा नव्हे. भाऊसाहेब, हे तुम्हालाही माहीत आहे.

गराची परीक्षा बरोबर, नाकारत नाही. पण आज कापलेलं केळं आजचंच सांगतं. टेपने आज १२.१, पाच दिवसांनी किती, यावरून झाड अजून भरतंय की थांबलंय ते कळतं. बापू, त्याच केळ्याला सुतळी बांधून ठेव, दर तीन दिवसांनी तेच मोज. वेगवेगळी मोजलीस तर आकड्याला अर्थ नाही.

तुझ्या पानांचे ठिपके करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे. ती पिकल्याने वाळलेली नाहीत, म्हणून ती काढणीची खूण धरायची नाही. सात हिरवी आहेत तोवर धोका नाही. पाचाच्या खाली आली तर मात्र घेर न बघता उतरव. करप्याने पान गेलं की घड झाडावरच अर्धवट वयात पिवळा पडतो, एक केळं पिकलं की शेजारची पाठोपाठ. असा घड ठरल्या तारखेला कधीच जमत नाही. वाळलेली चार कापून लांब टाक, बुंध्याशी नको.

---

प्रेषक: अण्णा, सिंगापूर · १० डिसेंबर

केळीवरच पाच मेल झाल्या. भरिताच्या वांग्यांचं कोण बघतंय? परसात सोळा झाडं लावलीत ना? घाई कसाले करी ऱ्हायनात त्या घडाची, तो काही २८ आधी पळत नाही. वांगं मात्र चार दिवस उशिरा काढलं की बी काळं होतं.

---

प्रेषक: माई, ह्यूस्टन · ११ डिसेंबर

अण्णा, वांग्यांचं मी बघतेय, यादीत माझं नाव आहे. साल चकचकीत असताना काढायची. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून परत वर यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर वांगं जून, दबलंच नाही तर कोवळं. देठासकट कापायची, ओढायची नाहीत. २६ ला संध्याकाळी काढू. वांगी भाजायच्या तुरीच्या काड्यांचं तुम्ही सांगणार होतात, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता केळी. स्वयंपाकाकडून दोन वेगळ्या गरजा आहेत. प्रसादाच्या शिऱ्यात घालायला सालीवर काळे ठिपके आलेली, अगदी मऊ, वीसेक. पानात वाढायची पिवळी पण घट्ट, साठ-सत्तर. सगळा घड एकदम कापून एकदम पिकवला तर दोन्ही कसं जमणार? वरच्या फण्या आधी काढता येतात का?

कमळ कुणी कापलं? त्याची भाजी झाली असती.

---

प्रेषक: भाऊसाहेब · ११ डिसेंबर

येतात, सर्रास काढतात. वरची फणी वयाने मोठी, शेवटची आठ-दहा दिवसांनी धाकटी. वरच्या दोन आधी काढा, बाकीचा घड झाडावर राहू द्या.

---

प्रेषक: आबा · ११ डिसेंबर

काढता येतात, पण चिकाचं काय? वरच्या फणीचा कापा खालच्या सगळ्या फण्यांवर गळतो. हिरव्या सालीवर तो दिसत नाही, पिकल्यावर काळे ओघळ उठतात. करायचंच असेल तर कापायच्या आधी खालच्या फणीवर केळीचं पान पसरून बांधावं, फणी दांड्यालगत कापावी आणि कापा गळायचा थांबेपर्यंत तिथे ओली चिंधी दाबून धरावी. सकाळी तर मुळीच नको. रात्रभर झाड पाण्याने ताठ झालेलं असतं, चीक धारेने येतो. दुपारी तीननंतर. आदल्या दिवशी पाणीही नको.

माईंची गरज दुसऱ्या वाटेने भागते. घड एकदमच उतरवायचा, फण्या सोडवायच्या, पण पिकायला दोन वेळांना घालायच्या. वरच्या दोन २० ला, मधल्या चार २२ ला. खालच्या तीन कोरड्या हवेशीर खोलीत तशाच ठेवायच्या. त्या ४ जानेवारीला परत निघणाऱ्यांना होतील.

---

प्रेषक: ताई, ह्यूस्टन · १२ डिसेंबर

विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या इथे सोमवारी पहाटे शून्याच्या खाली जाणार आहे. माझा घड ७५ दिवसांचा, कडा स्पष्ट दिसतात. पांघरूण घालू की कापू?

---

प्रेषक: आबा · १२ डिसेंबर

एकच रात्र असेल तर खोडाला आणि घडाला गोधडी, बुंध्याशी भरपूर पाणी. दोन-तीन रात्री ओळीने असतील तर कापा. गोठलेला घड पिकत नाही, सडतो. ७५ दिवसांची केळी भाजी आणि वेफर्सला चालतात, पिकवून खायचा मोह नको.

---

प्रेषक: बापू · १४ डिसेंबर

सुतळीवालं केळं १२.४. भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून पाचव्या फणीतलं एक कापलं: मधोमध बी-रेषांच्या जागी पिवळसर, बाहेरचा गर पांढरा. चीक पहिल्यासारखा दाट नाही, जरा पाणचट आला. घडाला जुनं धोतर गुंडाळलंय, खालून उघडं. शेजारी आता म्हणतात २५ पर्यंत राहू द्या.

विहिरीपलीकडच्या उंच झाडाचा घडही दाखवतात. त्याची केळी कधीचीच लांब झालीत, पण धारा अजिबात जात नाहीत. तो कच्चाच समजू ना?

---

प्रेषक: भाऊसाहेब · १४ डिसेंबर

उंच झाड, फण्या कमी, केळं लांब आणि धारदार – ती राजेळी जात असेल. तिच्या धारा पूर्ण भरल्यावरही राहतात. गोल व्हायची वाट बघाल तर झाडावर पिकून फुटेल. तिथे टेप ठेवा बाजूला, रंग बघा. गडद हिरव्याचा पोपटी झाला की काढा. गर बघाल तर केशरी झाक यायला हवी.

---

प्रेषक: आबा · १५ डिसेंबर

राजेळीबद्दल सहमत. (नोंद घ्या मंडळी.)

बापू, १२.१ वरून १२.४, म्हणजे झाड भरतंय. २५ पर्यंत मात्र थांबू नकोस. पहाटे सलग १३ च्या खाली राहिलं की सालीच्या आतल्या शिरा तपकिरी पडतात. वरून कळत नाही, पण पिकल्यावर पिवळा रंग राखाडी, मळका येतो. १९ ला दुपारी उतरव, घेर कितीही असो.

दोन माणसं हवीत. एकाने खोडाला घडाच्या बाजूने, मध्याच्या जरा वर, विळ्याचा निम्मा घाव घालायचा. खोड हळूहळू वाकतं. दुसऱ्याने खांद्यावर घडी केलेलं पोतं घेऊन घड झेलायचा, मग वीतभर दांडा ठेवून कापायचं. एका घावात खोड आडवं केलंस तर घड जमिनीवर येतो आणि जिथे आपटतो तिथे चार दिवसांनी काळा डाग. घड मातीत उभा करायचा नाही, केळीच्या पानांवर आडवा.

फण्या सोडवल्या की कापा खाली करून अर्धा तास ठेव. मग तुरटीच्या पाण्यात, दहा लिटरला शंभर ग्रॅम. पुसून सावलीत सुकव.

---

प्रेषक: अण्णा · १५ डिसेंबर

पिकवायला पुडी मिळते ना बाजारात? उगाच एवढा खटाटोप.

---

प्रेषक: माई · १५ डिसेंबर

कोणती पुडी अण्णा? कार्बाइडची असेल तर वाड्यात येणार नाही. त्यावर बंदी आहे. वरून लिंबासारखं पिवळं, आत कच्चं दडस, वर तो लसणासारखा वास. प्रसादात मी ते घालणार नाही. कुणी इथ्रेलच्या (पिकवायच्या औषधाच्या) पाण्यात फण्या बुडवा म्हणालं तर तेही नाही.

---

प्रेषक: अण्णा · १६ डिसेंबर

इथिलीनची पुडी म्हणत होतो, ती चालते. असो. तुरीच्या काड्या सांगितल्या आहेत, दोन भारे.

---

प्रेषक: आबा · १६ डिसेंबर

पुडीचीही गरज नाही. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये तळाला वर्तमानपत्र, फण्या एका थरात, दर क्रेटला तीन पूर्ण पिकलेली केळी मध्ये, वरून ओलसर पोतं. छोटी खोली, दार बंद. १८ ते २० अंश हवेत. या थंडीत नुसत्या खोलीत ते मिळणार नाही, म्हणून कोपऱ्यात शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी लावून उपयोग नाही, ऊब येत नाही. भिंतीला थर्मामीटर टांग आणि २४ च्या वर जाऊ देऊ नकोस. जास्त उबेत गर मऊ होतो पण साल हिरवीच राहते. मे महिन्यात घरोघरी हाच घोटाळा होतो.

पहिले २४ तास दार उघडू नकोस. पुढे सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं उघड. केळी श्वास सोडतात, ती हवा कोंडली की पिकणं अडतं. टोकं हिरवी आणि मधला भाग पिवळा झाला की बल्ब बंद, पोतं काढ. पुढचं आपोआप होतं.

शेकोटीचा धूर द्या म्हणून कुणीतरी सांगेलच. धुराने पिकतात, खोटं नाही. पण बंद खोलीत धुमसतं गोवरीचं घमेलं ठेवून आत कुणी शिरलं तर जिवावर बेतेल, आणि केळ्यालाही वास धरतो.

---

प्रेषक: बापू · १९ डिसेंबर, रात्री

उतरवला. सुतळीवालं केळं १२.७. दांड्यासकट १९ किलो. माणूस तोच आला, राग गेलेला दिसला. झेलताना तिसऱ्या फणीची दोन केळी खरचटली, ती वेगळी काढली. तुरटीत शंभरऐवजी दीडशे ग्रॅम पडली, काही होईल का? वरच्या दोन फण्या उद्या सकाळी क्रेटमध्ये. शंभरचा बल्ब फैजपुरात चार दुकानं फिरलो तरी मिळाला नाही, साठचे दोन आणलेत.

राजेळी अजून गडद हिरवी. तिला हात लावलेला नाही.

---

प्रेषक: आबा · २० डिसेंबर

तुरटीने काही होत नाही, साध्या पाण्यातून एकदा काढून घे. साठचे दोन चालतील, पण समोरासमोरच्या कोपऱ्यांत लाव, क्रेटपासून हातभर लांब.

---

प्रेषक: माई · २० डिसेंबर

ती खरचटलेली दोन आणि कापून बघितलेलं एक फेकू नका. भाजीला ठेवा.