जावयाला घड्याळ द्यायचंय, साधी लाईन घ्यावी का प्रीमियम?

धोंड्याचा_मेहुणा, परभणी

राम राम मंडळी. अधिक महिना आहे, ताईला अन् भावजींना धोंडे जेवायला बोलावायचंय, आणि वडिलांनी फर्मान काढलंय की यावेळी जावयाला चांगलं घड्याळ द्यायचं. अंगठी द्यायची म्हणलं तर सोन्याचा भाव बघवत नाही म्हणा. बजेट १५ हजार, ताणलं तर १८. भावजींचं गंगाखेडकडं कृषी सेवा केंद्र आहे, दिवसभर खताची पोती, बियाणाच्या बॅगा, अन् दुपारी गाडीवर कुणाच्या तरी वावरात, त्यामुळं कपाटात ठेवून लग्नापुरतं घालायचं घड्याळ नको, रोज हातात दिसलं पाहिजे.

काल स्टेशन रोडला दोन दुकानं हिंडलो तर डोकंच गरगरायलंय. कंपनी एकच, पण साधी लाईन वेगळी अन् प्रीमियम वेगळी. टायटनमधी साधं पण आहे अन् एज पण आहे, भावात दुपटीच्या वर फरक, आणि एज म्हणजे उडदाच्या पापडासारखं पातळ. दुकानदार नुसतं "साहेब, प्रीमियम ते प्रीमियम" म्हणायलाय, कामून प्रीमियम ते काही त्याला सांगता येईना. पोरानं मोबाईलवर सीको ५ अन् सीकोचंच प्रेसाज, ओरिएंट अन् ओरिएंट स्टार असली जपानी घड्याळांची नावं दाखवली, ती आपल्या बजेटच्या बाहेरची असली तरी समजून घ्यायचंय. जास्तीचे पैसे नेमके कशाला जातात? टाईम जास्त बरोबर दाखवतं का?

गुलमंडी_टाइम, छत्रपती संभाजीनगर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, सगळे तिथंच फसतात. नाही दाखवत. सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारका तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यामुळं बऱ्या कंपनीचं साधं घड्याळसुद्धा महिन्याला १५-२० सेकंद मागंपुढं होतं, संपला विषय. आता सीको ५ स्पोर्ट्समधलं ४आर३६ मशीन घ्या, ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीवर चालणारं, तर त्याला कंपनी स्वतःच दिवसाला +४५ ते -३५ सेकंद सांगते. महिन्याला नाही, दिवसाला! त्याच्या वरचं ६आर३५ घेतलं तरी दिवसाला +२५ ते -१५. प्रत्यक्षात बरेचदा यापेक्षा बरं चालतं, पण सेलवाल्याच्या जवळपास पण नाही येत.

मग लोक पैसे कशाला देतात? माझंच सांगतो. माझ्याकडं सीको ५ पण आहे अन् प्रेसाजमधलं कॉकटेल टाइम पण. प्रेसाज म्हणजे वरची लाईन ना, पण त्यात ४आर३५ मशीन आहे, ५ मधल्या मशीनचा सख्खा भाऊच, एक वाराचा रकाना नाही एवढाच फरक. काच दोन्हीकडं हार्डलेक्स, म्हणजे सीकोची कडक केलेली मिनरल काच. पाण्याचं बघाल तर ५ स्पोर्ट्सला १०० मीटर अन् प्रेसाजला ५०, म्हणजे महागातलं पाण्याला जास्त घाबरतं! सगळे पैसे डायलमध्ये गेलेत. पण ते डायल राव, उन्हात मनगट थोडं फिरवलं की आतून उजेड पसरल्यागत चमकतं, मी मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना तेच बघत बसतो. घेतल्याचा पस्तावा नाही, फक्त मशीन भारी मिळालं म्हणून मी कुणाला सांगत फिरत नाही.

मशीनचा खरा फरक आणखी वर गेल्यावर लागतो. ४आर ची चावी साधारण ४१ तास टिकते, ६आर३५ ची ७० तास, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालू सापडतं. ओरिएंट अन् ओरिएंट स्टारमध्ये पण तसंच, स्टारला डायलवर चावी किती उरली ते दाखवणारा काटा असतो, काच सफायरची (कारखान्यात बनवलेल्या नीलमची, लई कडक), फिनिशिंग सरस. भावजींना यातलं काहीच लागणार नाही, आधीच सांगतो.

मांजराकाठ, लातूर

तुम्ही सगळे मशीनवर घसरलात पण प्रश्न जावयाचा आहे हो. जावई डबी उघडतो तेव्हा आधी नाव बघतो, नंतर सासूकडं बघतो. एज द्या म्हणतो मी. २००२ साली आलं तेव्हा आख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाड आणि आतलं मशीन १.१५ मिलिमीटर, होसूरच्या कारखान्यात आपल्या लोकांनी बनवलेलं, अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट आहे ती. ते पातळपण काढायलाच पैसे लागतात, मशीन बारीक केलं की सगळंच अवघड होतं. शर्टाच्या बाहीखाली गेलं की कळत पण नाही घातलंय म्हणून.

आमच्या अण्णांना लग्नात एचएमटी जनता मिळालं होतं, रोज सकाळी दात घासून झाले की चावी द्यायचे, अजून चालू आहे. तेव्हा लाईन-बिईन काही नव्हतं, घड्याळ मिळालं हीच मोठी गोष्ट होती. (गंजगोलाईत एकानं मला जुनं म्हणून डायल रंगवलेलं एचएमटी चिकटवलं होतं, तो किस्सा परत कधीतरी.)

सेल_पट्टा_काच, नांदेड

वजिराबादकडं आमचं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. मी नवीन घड्याळं विकत नाही, त्यामुळं खरं बोलायला हरकत नाही.

लातूरकर, एज चांगलंच आहे, पण खताच्या पोत्यावर नाही चालायचं. असल्या ड्रेस घड्याळावर ३० मीटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ३० मीटर पाण्यात जा असा नाही, हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतंय एवढाच. ते मीटर प्रयोगशाळेतल्या दाबाचे आहेत. विहिरीत उडी मारायची तर १०० बघा. मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक भारीतलं पातळ घड्याळ घेऊन आलं, काचेच्या आत दव साचलेलं. सेल कुठंतरी बसस्टँडवर बदलला होता अन् त्या बाबानं आतली रबराची रिंग वाकडी बसवली होती. घड्याळाची चूक काहीच नाही, पण डायल गेलं ते गेलंच.

साध्या अन् प्रीमियममधला फरक मला मागनं दिसतो, तुम्हाला पुढनं. घड्याळ उलटं करा. "स्टेनलेस स्टील बॅक" एवढंच लिहिलं असलं तर फक्त झाकण स्टीलचं, बाकी बॉडी दुसऱ्या धातूची अन् वरून पॉलिश. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्या घामानं दोन-तीन उन्हाळ्यात पॉलिश उतरतं अन् मनगटावर काळा-हिरवा डाग पडतो. सोनेरी रंगाला तर आधी. पूर्ण स्टीलची बॉडी घ्या. मग चेन हातात धरून हलवा. साध्यात कड्या पत्र्याच्या दुमडलेल्या असतात, खुळखुळ आवाज येतो अन् केस ओढतात, वरच्या लाईनमध्ये भरीव असतात. चामड्याचा पट्टा भावजींसाठी विसरा, सहा महिन्यात वास मारतो.

काच. साधी मिनरल काच वाळूनं ओरखडते, कारण वाळूतला क्वार्ट्झ तिच्यापेक्षा कडक असतो. नवीन बांधकामाच्या भिंतीला हात घासला की झालं. सफायरला सहजी ओरखडा पडत नाही, पण कोपऱ्यावर फरशीवर आपटली तर मिनरलपेक्षा लवकर टवका उडतो, अन् बदलायला महाग पडते. माझ्याकडं साधी काच बसवून घेऊन लोक शे-दोनशेत मोकळे होतात.

मला विचाराल तर सिटिझनचं इको-ड्राइव्ह बघा, डायलमधून उजेड खातं अन् चार्ज होतं, वर्षा-दोन वर्षाला झाकण उघडायचं कामच नाही. अन् झाकण उघडलं नाही म्हणजे रिंग पण कुणी बिघडवत नाही. असं सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवायलोय.

गुलमंडी_टाइम, छत्रपती संभाजीनगर

नांदेडकरांना अनुमोदन. एकच वाढवतो, ते कपाटात अंधारात महिनोनमहिने पडू द्यायचं नाही, पण वावरात हिंडणाऱ्या माणसाला उजेडाची काय कमी.

धोंड्याचा_मेहुणा, परभणी

सगळ्यांचे आभार. काल ताईला फोन करून हळूच विचारलं, भावजी आत्ता कोणतं घालतात. म्हणाली एक आहे पट्ट्याचं, पण दुकानात गेल्या गेल्या काढून गल्ल्यात ठेवतात, घामानं खाजतं म्हणून, अन् टाईम मोबाईलमध्येच बघतात. तिथंच एज कटाप झालं, बिचारं गल्ल्यातच राहिलं असतं.

आज इको-ड्राइव्ह घेऊन आलो, साध्या लाईनमधलंच, पूर्ण स्टील, चेन भरीव, १०० मीटर. सफायर बजेटमध्ये बसली नाही, मिनरलच आहे. दुकानात मी घड्याळ उलटं करून मागचं वाचायला लागलो तर दुकानदार म्हणला साहेब तुम्ही याच लाईनीतले का. वडिलांना दाखवलं, त्यांनी पाच मिनिटं हातात धरून बघितलं अन् विचारलं, "सोनेरी नव्हतं का?" काय बोलणार. आईनं तेहतीस अनारशांच्या ताटात डबी कुठं ठेवायची ते पण ठरवून टाकलंय.

चेन ढिली वाटायली, भावजींचं मनगट बारीक आहे. इथंच कड्या काढून आणू का?

सेल_पट्टा_काच, नांदेड

देण्याआधी काढू नका, आधी हातात घालू द्या, मग काढा. अन् काढलेल्या कड्या डबीतच ठेवा, फेकू नका. धोंडे खाऊन जावयाचं मनगट किती दिवस बारीक राहतंय.