मदत हवी आहे: मानेतली गाठ, टीबी की लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर)? बायोप्सी टाळून पेट स्कॅन चालेल का?

धाकट्या भावाच्या मानेला डाव्या बाजूने दोन महिन्यांपासून गाठ आहे. वय २३. आधी सुपारीएवढी होती, आता कॉलरचं बटण लागत नाही. दुखत अजिबात नाही. आजी म्हणाली अवधाण असेल, मग हळद-चुना झाला. नंतर दाढेमुळे असेल म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. रात्री घामाने बनियन पिळून काढावा लागतो, वजनही पाच किलो उतरलंय.

तालुक्याला सुईची तपासणी केली. रिपोर्टात 'अ‍ॅटिपिकल लिम्फॉइड सेल्स, एक्सिजन बायोप्सी करावी' एवढंच, म्हणजे पेशी वेगळ्या दिसतात, पण कशामुळे ते कळत नाही. सर्जन म्हणतात, अख्खी गाठ काढून तपासू. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात, लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा पेट स्कॅन करा. काकांच्या मते घाम आणि वजन म्हणजे टीबीच, सरळ सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करा. बायोप्सी परवा आहे. यातून कोणी गेलंय का? भाऊ माझ्याशी फक्त क्रिकेटवर बोलतो.

प्रतिसाद १
ताई, माझ्या मिस्टरांचं अगदी असंच होतं. आम्ही घाईने पेट आधी केला. त्यात साखरेसारखं औषध शिरेतून देतात, जिथे पेशी ते जास्त खातात तिथे चमकतं. पण टीबीची गाठही तशीच चमकते! रिपोर्टात दोन्ही शक्यता लिहून आल्या आणि बायोप्सी करावी लागलीच. पेट नंतर कामाला आला, आजार कुठवर आहे ते बघायला. आणि लिम्फोमावर मुख्य उपचार केमोचा, गाठ काढल्याने तो पसरत नाही. मामांना सर्जनसमोर बसवा, घरी वाद घालू नका.

प्रतिसाद २
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. सुईत सुट्या पेशी येतात. लिम्फोमात गाठीची आतली रचना बघावी लागते, म्हणून अख्खी गाठ मागतात. परवा सर्जनना आठवण करा: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन), दुसरा सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. सगळा तुकडा एकाच डबीत आलेला मी कितीदा बघतो. पहिल्या रिपोर्टनंतर आयएचसी (पेशींचा प्रकार ओळखायची खास तपासणी) सांगतील, त्याला आणखी काही दिवस जातात, घाबरू नका. मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून ठेवा, दुसरीकडे दाखवायचं तर त्याच लागतात.
एक विचारतो, मधे स्टिरॉइड दिलं होतं का? त्याने लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते आणि बायोप्सीत नीट सापडत नाही. दिलं असेल तर सर्जनना आजच सांगा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. डबीचं वहीत लिहून घेतलं. स्टिरॉइडचं वाचून पोटात गोळा आला. दुसऱ्या कोर्सबरोबर 'सूज उतरायला' म्हणून पाच दिवस एक बारकी पांढरी गोळी होती, आणि तेव्हा गाठ खरंच कमी झाली होती. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. चिठ्ठीवरचं नाव वाचता येत नाहीये. औषधांच्या डब्यात रिकामी पट्टी शोधतेय, सापडली की सर्जनना फोन लावते.