पहिलंच पिल्लू घरी येतंय, सुरुवातीला काय सांभाळायचं?

प्रश्न: पुढच्या रविवारी दोन महिन्यांचं इंडी (देशी) पिल्लू आणतोय. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरात सहा वर्षांची मुलगी. खाणं, शी-शू, लसी कसं जमवायचं?

खारुताई: आत्ता जे खातंय तेच पहिले ४-५ दिवस द्या, मग आठवडाभरात हळूहळू बदला. दिवसातून ३-४ वेळा. गाई-म्हशीचं दूध नको, लॅक्टोज नीट पचत नाही आणि जुलाब लागतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट विषारी. लेकीच्या खाऊच्या डब्यावर नजर ठेवा!

भूभू: लसी ६-८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वजनावर ठरतं, डॉक्टरांनाच विचारा. लसींचे डोस पूर्ण होईस्तोवर सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका, पार्व्होचा (पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबाचा आजार) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण घरात कोंडूही नका. कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, अनोळखी माणसं सगळ्याची सवय लावा.

शेरूची ताई: झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच पेपरवर न्या. तिथे केली की त्याच क्षणी खाऊ. दोन मिनिटांनी दिलात तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही. भलतीकडे केली तर ओरडू नका, सोफ्यामागे लपून करायला लागतं. फिनेलऐवजी एन्झाइमवालं क्लीनर वापरा, वास उरला की पुन्हा तीच जागा.

खारुताई: आणि जेवताना-झोपताना मुलीने त्याला हात लावायचा नाही.