ऐंशीच्या दशकातील पोलीस जोडगोळीच्या चित्रपटांना आजची मानवंदना : ती खरोखर जमते का?

(चित्रपटप्रेमींची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

जुनी कॅसेट

गेल्या पंधरवड्यात मी पोलीस जोडगोळीचे अमेरिकी धाटणीचे विनोदी चित्रपट, जुने आणि नवे, एकाआड एक पाहिले. जुन्यांपैकी ‘फॉर्टी-एट अवर्स’ (१९८२), ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ (१९८४) आणि ‘लीथल वेपन’ (१९८७); नव्यांपैकी, म्हणजे त्या काळाला उघडपणे मानवंदना देणाऱ्यांपैकी, ‘हॉट फझ’ (२००७), ‘कॉप आउट’ (२०१०) आणि ‘ट्वेंटी-वन जम्प स्ट्रीट’ (२०१२). जुने तिन्ही मी शाळेत असताना भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, निम्मेअधिक संवाद न कळता पाहिले होते. त्यामुळे माझ्या मतात लहानपणीच्या आठवणींचा वाटा किती आणि चित्रपटांचा किती, हे मला एकदा नीट पारखून घ्यायचे होते.

‘कॉप आउट’पाशी मी अडलो. दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांनी साहित्य जमवण्यात कसर ठेवलेली नाही. ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ची सिंथसायझरवरील प्रसिद्ध धून रचणारे हॅरल्ड फाल्टरमायर यांनाच पार्श्वसंगीतासाठी बोलावले आहे, दोन विजोड स्वभावांचे पोलीस आहेत, संतापून त्यांना निलंबित करणारा वरिष्ठ आहे, आणि ब्रूस विलिस हा तर त्या दशकानेच घडवलेला नट. सुरुवातीलाच चौकशीचा एक प्रसंग येतो. ट्रेसी मॉर्गनने रंगवलेला पोलीस आरोपीपुढे दुसऱ्या चित्रपटांतले संवाद एकामागून एक म्हणत सुटतो आणि काचेपलीकडे उभा असलेला विलिस तो संवाद कुठला, ते ओळखत राहतो. मला हसू आले, पण त्या खोलीत नेमके काय पणाला लागले आहे, हे काही केल्या कळेना.

त्याच रात्री मी ‘लीथल वेपन’ पुन्हा लावला. मार्टिन रिग्ज हा पोलीस आपल्या फिरत्या घरात एकटा बसलेला आहे, दूरचित्रवाणीवर नाताळचे कार्टून चालू आहे, हातात मृत पत्नीचा फोटो आहे आणि पिस्तुलाची नळी तोंडात. या माणसाचे पुढचे सगळे चाळे पाहून मी हसलो, पण ती नळी एकदाही विसरलो नाही. म्हणून विचारतो : मानवंदना म्हणून काढलेला चित्रपट हा स्वभावतःच उसना राहणार का? आणि ज्यांना ती जमली आहे असे आपल्याला वाटते, त्यांनी नेमके काय उचलले आणि काय सोडून दिले?

रीळ क्रमांक सात

आपण अडलात ती जागा अगदी योग्य आहे. माझ्या मते घोळ नावापासूनच सुरू होतो. आज आपण ज्यांना ‘विनोदी’ म्हणून आठवतो, त्यांतले निदान दोन चित्रपट मुळात गुन्हेपट आहेत. ‘फॉर्टी-एट अवर्स’ एकदा विनोद बाजूला ठेवून पाहावा. दिग्दर्शक वॉल्टर हिल यांनी तो अतिशय कोरडा आणि हिंसक काढला आहे. निक नोल्टीचा जॅक केट्स हा थकलेला, दारू पिणारा आणि कैदेतून अठ्ठेचाळीस तासांसाठी बाहेर काढलेल्या रेजीला वर्णद्वेषी शिव्या देणारा पोलीस आहे. रेजी रंगवणाऱ्या एडी मर्फी यांचा हा पहिलाच चित्रपट. रेजी केट्सचा बिल्ला घेऊन गोऱ्या गिऱ्हाइकांनी भरलेल्या बारमध्ये शिरतो, ग्लास भिरकावून आरसा फोडतो आणि सगळ्या बारला दमात घेतो, तेव्हा प्रेक्षक हसतो खरा; पण ते हसू, हा माणूस इथून धडपणे बाहेर पडेल ना, या धास्तीतून आलेले असते. खिशात एक बिल्ला आणि तोंडात एक जीभ, एवढ्याच भांडवलावर तो तिथे उभा आहे.

पुढे केट्स त्याची माफी मागतो, तो प्रसंग तर कोणी फारसा आठवतही नाही. तुला दाबून ठेवणे हे माझे कामच होते, अशा अर्थाचे काहीतरी तो पुटपुटतो. त्यावर, कामाच्या नावावर सगळेच खपत नाही, असे रेजी त्याला शांतपणे सुनावतो. मैत्री इथे होते, आणि ती पुरती होतही नाही. उत्तरकाळातील बहुतेक मानवंदना या प्रसंगाला वळसा घालून थेट बारमध्ये जातात. भांडण उचलतात, पण भांडणाचे कारण उचलत नाहीत.

‘हॉट फझ’ मला म्हणूनच सर्वांत यशस्वी वाटतो. (त्यात नावाने येणारे ‘पॉइंट ब्रेक’ आणि ‘बॅड बॉइज टू’ अनुक्रमे १९९१ आणि २००३ चे आहेत, हे मान्य, पण वळण तेच.) डॅनी बटरमन हा गावचा बाळबोध हवालदार शहरातून आलेल्या निकोलस या पोलिसाला आपल्या आवडत्या चित्रपटांतला एक प्रसंग दाखवतो : पोलिसाला आपल्याच मित्रावर गोळी झाडवत नाही, म्हणून तो आकाशाकडे पिस्तूल रिकामे करत किंचाळतो. त्या क्षणी हा नुसता संदर्भ असतो, दोन मित्रांनी सोफ्यावर बसून घालवलेली एक संध्याकाळ असते. नंतर डॅनीपुढे स्वतःचा बाप उभा ठाकतो, बापच गुन्हेगार आहे हे त्याला कळून चुकलेले असते, आणि तोही तसेच आकाशात गोळ्या झाडत किंचाळतो. प्रेक्षक संदर्भ ओळखून हसतो, पण डॅनीच्या दृष्टीने त्यात विनोद काहीच नाही. आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणी त्या मुलाला दुसरे काही सुचलेच नाही, कारण शौर्य म्हणजे काय हे त्याला चित्रपटांनीच शिकवले होते. दिग्दर्शक एडगर राइट यांनी संवाद उसना घेतला नाही, चित्रपटांवर प्रेम करणारा माणूस उभा केला. ‘कॉप आउट’मध्ये नेमके हेच राहून गेले.

पूर्वरंग

वरील विवेचन पटले, तरी त्यातून असा समज होऊ नये की मरणाची किंवा हिंसेची सावली असल्याखेरीज हा प्रकार जमतच नाही. पॉल फीग यांचा ‘द हीट’ (२०१३) पाहावा. सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी यांची ही जोडगोळी बॉस्टनमध्ये वावरते. त्यातील मॅकार्थीच्या मलिन्सने आपल्या सख्ख्या भावाला स्वतः अटक केलेली आहे आणि त्यापायी घरच्यांनी तिच्यावर राग धरला आहे. बुलकची ॲशबर्न अनाथपण सोसून दुसऱ्यांच्या घरी वाढलेली आहे. तिच्या शाळेच्या वार्षिक स्मरणपुस्तकात सोबत्यांच्या सह्या नाहीत, ते पान तसेच कोरे आहे. शेवटी मलिन्स त्यात लिहून देते की आता तुला बहीण आहे. दोघींचे भांडण, शिवीगाळ, दारू पिऊन घातलेला धिंगाणा हे सगळे त्या कोऱ्या पानामुळे सार्थ होते.

‘लीथल वेपन’च्या शेवटीही अशीच एक लहानशी वस्तू आहे. रिग्जने स्वतःसाठी राखून ठेवलेली गोळी तो फीत बांधून आपला जोडीदार पोलीस मर्टॉ याच्या मुलीच्या हाती देतो आणि नाताळची भेट म्हणून वडिलांना द्यायला सांगतो. फीग यांनी ती गोळी उचलली नाही, तिच्या जागी स्वतःची वस्तू शोधली, याचे मला फार कौतुक वाटते.

वेल्सची वाट

मी सॉमरसेटजवळ राहतो, म्हणून ‘हॉट फझ’बद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याचे बरेचसे चित्रण इंग्लंडच्या सॉमरसेटमधील वेल्स या गावी (वेल्स देशात नव्हे) झाले, आणि राइट तिथेच लहानाचे मोठे झाले. वेल्सला मोठे कथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, आहे, त्यामुळे आकाराने लहान असूनही ते शहर गणले जाते. पण चित्रपटातले सँडफर्ड हे खेडे असल्याने ते कथीड्रल दृश्यांमधून संगणकाच्या साहाय्याने पुसून टाकले आहे. वेल्सच्या चौकात उभे राहिले की हे फार गमतीचे वाटते, कारण खऱ्या गावात डोळ्यांत भरणारी पहिली वस्तू तीच असते. सांगायचा मुद्दा असा की, या दिग्दर्शकाने लॉस एंजेलिसचा धुडगूस आपल्या गावच्या चौकात आणला, आणि गुन्ह्याचा हेतूही तिथलाच ठेवला. आदर्श गावाचा किताब हातचा जाऊ नये म्हणून प्रतिष्ठित मंडळी माणसे मारतात. हा हेतू डेट्रॉइटला किंवा शिकागोला शोभला नसता.

याउलट ‘बेव्हर्ली हिल्स कॉप : ॲक्सल एफ’ (२०२४) मध्ये माणसे तीच, धून तीच आणि प्रारंभीचे गाणेही तेच आहे. तो पाहताना मला जुने सोबती भेटल्याचा आनंद झाला, हे प्रांजळपणे सांगतो, पण माझ्या लक्षात राहिला तो एकच क्षण. १९८४ साली आरक्षण नसताना ॲक्सल, म्हणजे एडी मर्फीचा पोलीस, हॉटेलच्या गल्ल्यावर आरडाओरडा करून, मी काळा आहे म्हणून मला खोली नाकारता काय, असे विचारत खोली पदरात पाडून घेतो. चाळीस वर्षांनी तो तोच पवित्रा घ्यायला जातो आणि मध्येच थांबतो. आपण थकलो आहोत, असे म्हणून सरळ खोली मागतो. अख्खा चित्रपट याच थकव्यावर उभा राहिला असता तर मी त्याला मनापासून दाद दिली असती.

तिसरी घंटा

एक अडचण अजून कोणी मांडलेली नाही. या सर्व जुन्या चित्रपटांत नियम धाब्यावर बसवणारा पोलीस हाच खरा पोलीस आहे. मिनियापोलिसमध्ये २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला, तेव्हापासून मला ती मोकळीक पूर्वीच्या निर्धास्तपणे पाहता येत नाही. ॲडम मकाय यांना हे दहा वर्षे आधी जाणवले होते असे वाटते. ‘द अदर गाइज’ (२०१०) मध्ये सॅम्युएल जॅक्सन आणि ड्वेन जॉन्सन हे दोन धडाकेबाज नायक आरंभीच इमारतीवरून उडी टाकून मरतात, आणि कारकुनी कामात रमणारा विल फेरेलचा पोलीस एका आर्थिक घोटाळ्याचा माग काढतो. शेवटच्या श्रेयनामावलीत तर बँकांना दिलेल्या मदतीचे आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीचे तक्तेच येतात. ते तक्ते कथेत मुरलेले नाहीत, हे मान्य करूनही मला ती दिशा महत्त्वाची वाटते.

जुनी कॅसेट

सर्वांचे मनापासून आभार. डॅनीच्या गोळीबाराचा प्रसंग काल पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी मी संदर्भ ओळखल्याच्या आनंदात होतो; या वेळी त्याच्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले. ‘ट्वेंटी-वन जम्प स्ट्रीट’बद्दल मात्र कोणीच लिहिले नाही. त्यात महामार्गावरच्या पाठलागात ज्या गाड्यांचा स्फोट व्हायलाच हवा त्यांचा होत नाही, आणि कोंबड्यांचा ट्रक मात्र उडतो. एवढ्या विनोदापलीकडे, विद्यार्थी बनून पुन्हा शाळेत पाठवलेल्या दोन पोलिसांपैकी, एके काळी शाळेत लोकप्रिय असलेला जेंको या वेळी एकटा पडतो आणि एके काळी एकटा असलेला श्मिट नव्या मित्रांत त्याला विसरतो, हे दुःख मला पुरेसे खरे वाटले होते. ‘रीळ क्रमांक सात’ यांच्या कसोटीला ते उतरते का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.