मदत हवी आहे: फ्रीलान्स अनुवादकाने सीव्हीत जुने क्लायंट कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहते. मार्च 2016 पासून घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करते. सुरुवात औषधांच्या माहितीपत्रकांपासून झाली, मग बँकांची ॲप, ई-लर्निंग, थोडं सबटायटलिंग. मुलगा आता कॉलेजला गेला, म्हणून पूर्णवेळ नोकरी करायचं ठरवलंय. पुण्यातल्या भाषांतर कंपन्यांत 'लँग्वेज लीड'च्या (एका भाषेच्या अनुवादकांचं काम सांभाळणाऱ्याच्या) जागांसाठी अर्ज करते आहे. गाडी अडलीय ती सीव्हीपाशी.

पहिल्या सीव्हीत मी प्रत्येक क्लायंट तारखांसकट वेगळा लिहिला होता. 23 नोंदी झाल्या. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "इतक्या नोकऱ्या का सोडल्या?" मी समजावून सांगितलं, पण मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. मग सगळं काढलं आणि '2016 पासून स्वतंत्र अनुवादक' एवढी एकच ओळ ठेवली. तर दुसऱ्या कंपनीतून फोन, "2016 नंतर गॅप आहे का?" नऊ वर्षं रात्री जागून डेडलाइन पाळल्या, त्याला गॅप म्हटलेलं ऐकून खरंच डोळ्यांत पाणी आलं.

माझं सगळ्यात मोठं काम एका मोबाइल कंपनीच्या मदत-पानांचं आहे, सलग चार वर्षांचं. पण पीओ (कामाची ऑर्डर) मधल्या भाषांतर एजन्सीची, पैसेही एजन्सीचे, आणि एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) माझी सही आहे. ओळखीचे लोक म्हणतात, मोबाइल कंपनीचंच नाव टाक, वजन पडेल. टाकू का?

दुसरं, नोकरीवाल्यांकडे रिलिव्हिंग लेटर असतं, पीएफचा रेकॉर्ड असतो. माझ्याकडे कुणी पडताळणीला आलं तर काय दाखवायचं? आणि एका एजन्सीने माझी शेवटची तीन बिलं थकवली आहेत. तिच्यासाठी दोन वर्षं काम केलंय. नाव दिलं आणि चौकशी तिथेच गेली तर?

प्रतिसाद 1

ताई, मी एका भाषांतर कंपनीत व्हेंडर मॅनेजर आहे. अनुवादकांचे सीव्ही वाचणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या 23 नोकऱ्या नव्हत्या, एकच व्यवसाय होता. तेव्हा नोंदही एकच करा: स्वतंत्र अनुवादक, इंग्रजी-मराठी, नाशिक, मार्च 2016 ते आजपर्यंत. महिना आणि वर्ष दोन्ही लिहा, म्हणजे गॅपचा प्रश्नच येणार नाही. तारखा आमच्यासाठी फार महत्त्वाच्या असतात. अनुवाद सेवांच्या आयएसओ 17100 या मानकानुसार अनुवादकाची पात्रता कागदोपत्री दाखवावी लागते: अनुवादाची पदवी, किंवा इतर विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा. तुम्ही यात केव्हाच बसता, पण सीव्हीवरून ते दिसत नाही.

त्या नोंदीखाली क्लायंटची यादी नको, क्षेत्रं लिहा. बँकिंग, औषधं, मोबाइल, ई-लर्निंग. प्रत्येकापुढे काम किती आणि कसलं ते. किती म्हणजे शब्द. दिवसाला दोन-अडीच हजार शब्द हा सर्वसाधारण वेग धरला जातो, त्या हिशोबात बसेल असाच आकडा द्या, आम्ही मनातल्या मनात भागाकार करतोच. कसलं म्हणजे नुसता अनुवाद, की दुसऱ्यांच्या कामाचं संपादन, एलक्यूए (भाषेच्या दर्जाची तपासणी), शब्दसूची, स्टाइल गाइडही? लीडच्या जागेसाठी मी हे शेवटचंच आधी शोधतो. तुम्ही कधी इतर अनुवादकांच्या शंका सोडवल्या असतील, शब्दसूची बांधली असेल, तर ते पहिल्या ओळीत आणा. अनुवादाची टूल्सही लिहा, ट्रेडॉस, मेमोक्यू, जे वापरलं असेल ते.

आता मोबाइल कंपनी. नाव टाकू नका. तुमची क्लायंट एजन्सी आहे, ब्रँड एजन्सीचा क्लायंट आहे. एनडीए असलेलं नाव सीव्हीत दिसलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, उद्या ही व्यक्ती आमच्याही क्लायंटचं नाव असंच छापेल. वजन पडणं सोडा, विश्वास जातो. 'जागतिक मोबाइल ब्रँड, एजन्सीमार्फत' असं लिहा, जाणकाराला तेवढं पुरतं. एजन्सीचं नाव देण्याआधीही एनडीए एकदा वाचा. काहींत तेही चालत नाही. शंका असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरला सरळ मेल करा, "माझ्या कामाचा उल्लेख सीव्हीत कोणत्या शब्दांत करू?" वाक्य लिहून मिळालं तर तो मेल जपून ठेवा.

प्रतिसाद 2

पुराव्याबद्दल सांगते, मी सीए आहे. तुमचं रिलिव्हिंग लेटर तुमच्या टॅक्सच्या कागदांतच आहे. ज्या एजन्सींनी टीडीएस कापला, त्या प्रत्येकीचं नाव, दिलेली रक्कम आणि कापलेला कर फॉर्म 26एएस मध्ये वर्षवार दिसतो. इन्कम टॅक्स पोर्टलवरून उतरवून घ्या. विसरलेले क्लायंटही त्यात सापडतील. एजन्सीकडून दर तिमाहीला मिळणारा फॉर्म 16ए आणि रिटर्नच्या पावत्या जोडीला ठेवा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. छोटे क्लायंट 26एएसमध्ये नसतील, कारण व्यावसायिक शुल्कावर वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत टीडीएस लागत नव्हता. एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 50,000 झाली आहे. परदेशी क्लायंट तर टीडीएस कापतच नाहीत, त्यांच्यासाठी बँकेकडून इनवर्ड रेमिटन्सचा (परदेशातून पैसे आल्याचा) कागद घ्या. आणि हे सगळं सीव्हीला जोडू नका. ऑफर हातात आल्यावर पडताळणीत मागितलं तरच द्या, तेही रकमा झाकून. नाहीतर तुमचे रेट आणि सगळे क्लायंट एका फाइलीत समोरच्याच्या हाती जातात.

प्रतिसाद 3

मी फ्रीलान्स स्ट्रक्चरल ड्राफ्ट्समन आहे. थकवलेल्या बिलांचा अनुभव मलाही आहे. काम केलंय तर कामाचा उल्लेख करा, वाद सीव्हीत आणू नका, मुलाखतीतही नको. संदर्भासाठी मात्र दुसऱ्या दोघांची नावं द्या, त्यांना आधी विचारून. सीव्हीतली प्रत्येक कंपनी संदर्भ म्हणून द्यायलाच हवी असं कुठे आहे? टीडीएस कापला असेल तर तुमचं काम 26एएसमध्ये आहेच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री 26एएस उतरवलं. 2018 सालची एक एजन्सी मी साफ विसरले होते, तिच्यासाठी तर मी सहा महिने संपादन केलंय! आता असं लिहिलंय:

स्वतंत्र अनुवादक व संपादक, इंग्रजी-मराठी, नाशिक. मार्च 2016 ते आजपर्यंत.
मोबाइल: जागतिक ब्रँडची मदत-पानं, एजन्सीमार्फत, 4 वर्षं, सुमारे 11 लाख शब्द. मराठी शब्दसूची तयार केली व सांभाळली.
बँकिंग: तीन खासगी बँकांची ॲप, सुमारे 8 लाख शब्द, अनुवाद व एलक्यूए.
औषधं: रुग्णांसाठी माहितीपत्रकं व संमतीपत्रं, सुमारे 6 लाख शब्द.
सबटायटल: 38 तास.

एका प्रकाशनासाठी आरोग्यावरचं एक पुस्तकही केलंय, त्यावर अनुवादक म्हणून माझं नाव छापलंय. ते इथेच घालू की वेगळं?

प्रतिसाद 1

वेगळं, 'प्रकाशित अनुवाद' या मथळ्याखाली, पुस्तकाचं नाव, प्रकाशन आणि वर्ष देऊन. छापील श्रेय आहे, लपवायचं काही नाही. आणि शब्दसूचीचं वाक्य मोबाइलच्या ओळीत दडलंय, ते उचलून सगळ्यात वर घ्या. किती संज्ञा होत्या आणि किती अनुवादक ती वापरत होते, तेही लिहा.