मदत हवी आहे: विरार लोकलमध्ये शुगर उतरते, वर वजनही वाढतंय

वडील, वय ५४, टाइप टू मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. डबा दुपारी १ ला, रात्रीचं जेवण थेट ९ ला. चर्चगेटहून निघालं की बोरिवलीच्या आसपास घाम, हाताला कंप. ग्लुकोमीटरवर ६५ च्या आगेमागे. गाडीत हात धुता येत नाहीत, म्हणून पहिला थेंब पुसून दुसरा घेतात.

७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर (सपाट ३ चमचे) पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे ठाऊक आहे. पण त्या गर्दीत हाताला लागतो बिस्किटाचा पुडा! त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर सावकाश चढते, तोवर पुडा फस्त. रात्री २२० आणि वजनाला हातभार. ग्लिमेपिराइड इन्सुलिन जास्त सोडायला लावतं, त्यानेही वजन वाढतंच.

डोसचं शनिवारी डॉक्टरांशी बोलणार आहोत. तोवर ५ वाजता ऑफिसात मूठभर चणे पुरतील, की सोबत अर्धी पोळी हवी? ग्लिमेपिराइड बदलून कुणाला सिटाग्लिप्टिन दिलंय का? वजन थांबलं का, महिन्याचा खर्च किती? उभ्याने, एका हाताने घेता येईल अशी ग्लुकोज पावडर कशात भरून नेता?